घाम यावा म्हणून

जीपमधून बिरूआप्पांना उतरवलं, तेव्हा ते काळ्या घोंगडीत गळ्यापर्यंत गुंडाळलेले होते. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. मी धावले आणि आधी घोंगडी ओढून काढली. त्यांच्या बायकोनं, हौसाबाईंनी, माझा हात धरला.

"आवं सिस्टर, ऱ्हाऊ द्या की. ताप लय हाय, घामच येईना त्यास्नी."

जतकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी स्टाफ नर्स आहे. माझं माहेरही मेंढरांमागे फिरणारं, उन्हाचं कौतुक आम्हाला कुणी सांगू नये. पण हल्ली रात्रीसुद्धा गारवा पडत नाही. दिवसभर तापलेल्या अंगाला सावरायला सवडच मिळत नाही.

आप्पा सकाळपासून माळावर होते. दुपारी झोकांड्या खात घरी आले, असंबद्ध बोलायला लागले. हौसाबाईंनी केलं ते आमच्याकडे सगळेच करतात. थंडीताप आला की घोंगडीत दाबून निजवायचं, घाम फुटला की ताप उतरतो. उष्माघातात मात्र बऱ्याचदा अंगाचं घाम काढणंच बंद पडलेलं असतं. उष्णता आत कोंडते, आणि वरून आपण घोंगडी घालतो.

आमच्या थर्मामीटरनं आकडा दाखवलाच नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय' दाखवलं. म्हणजे त्याच्या मोजण्यापलीकडे.

डॉक्टर ओरडले, "आइसपॅक आणा! काखेत, मानेला, जांघेत." तिथं मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळ असतात, रक्त लवकर गार होतं. लसीच्या फ्रीजमधले सगळे पॅक काढले. समोरच्या रसवंतीवाल्यानं न विचारता बर्फाची लादी आणून टाकली. ओल्या चादरी, पंखे, सलाईन, सगळं केलं. ताप उतरला, पण आप्पांना झटके सुरू झाले. सांगलीला हलवलं. वाटेतच गेले.

डॉक्टर मला म्हणाले, "घोंगडीचं त्यांना बोलू नका. जन्मभर मनाला लावून घेतील." मलाही ते पटलं होतं.

आप्पांचे दिवस उरकल्यावर हौसाबाई बीपीच्या गोळ्यांना आल्या. गोळ्या घेतल्या तरी उठेनात.

"सिस्टर, खरं सांगा. घोंगडी घालायची न्हवती व्हय?"

त्यांचे दोन्ही मुलगे मेंढरांमागेच आहेत, त्याच उन्हात. खोटं बोलायला जीभ रेटेना.

"नव्हती घालायची, मावशी. सावलीत घेऊन गार पाणी ओतायचं, वारा घालायचा. पण तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. तुमची चूक नाही ती."

त्या गोळ्या पदराला बांधून गेल्या.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या वाडीवरून ऊन लागलेला एक गडी आला, नखशिखांत भिजलेला. वाचला. पाणी कुणी ओतलं, असं मी विचारलं. सोबतचा माणूस म्हणाला, हौसाबाईंनी. लोक चादर टाकायला निघाले होते, त्यांनी ती हिसकावून घेतली.

"म्हनली, माझा मी झाकून मारला, ह्येला झाकू नगा."

डॉक्टर म्हणाले, "बघा, सांगितलंत ते बरंच झालं." झालं खरं. पण मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. चूक तुमची नाही, ही गोष्ट त्या माझ्याच टेबलावर ठेवून गेल्या.

आता होळी झाली की आम्ही वाड्यांवर जाऊन हे सांगतो. माणूस मेल्यावर सांगितलेली माहिती बिनचूक असली, तरी ती घरच्यांना शिक्षेसारखी लागते.