बाबा घेतात, तो पितो

आमच्या घरात ‘पिणे’ हे क्रियापद बाबांना लागू नव्हतं. इंग्रजी शाळेत आणि बंगाली शेजारात वाढल्यामुळे माझं मराठी कच्चं. एकदा पाहुण्यांसमोर मी “बाबा रविवारी पितात” असं म्हणून गेले. आईनं मला स्वयंपाकघरात नेलं. “पितात ते वेगळे. बाबा घेतात.” आमच्या शेजाऱ्यांच्या बंगालीत पाणीसुद्धा ‘खातात’, त्यामुळे हा भेद मला आपोआप कळण्यातला नव्हता.

बेहाला या बंगाली उपनगरातल्या आमच्या घरी रविवारी दुपारी बाबांच्या बँकेतले, बदलीवर आलेले मराठी साहेब जमत. आई भजी तळायची. ग्लास भरायचं काम माझ्या धाकट्या भावाकडे, तो अर्ध्या चड्डीत असल्यापासून. “याचा हात बघा, थेंब सांडत नाही,” बाबा कौतुकानं म्हणत. पुढे एका साहेबांनी त्याच्यापुढेच ग्लास धरला, तेव्हा बाबा म्हणाले, “काका देतायत तर घे थोडी. बाहेर शिकण्यापेक्षा घरात बरी.” सगळे हसले. भजी वाढता वाढता आईही हसली.

मॅट्रिकच्या वर्षी एका शनिवारी तो शाळेत झिंगून गेला. भरदुपारी शाळेच्या शिपायानं त्याला रिक्षातून घरी आणून सोडलं, शर्टावर ओकारी. पुन्हा असं झालं तर नाव काढून टाकू, असा हेडमास्तरांचा निरोप होता.

आई कपाळाला हात लावून बसली. “प्यायला लागला गं हा. इथल्या पोरांच्या नादानं.”

“घ्यायला लागलाय म्हण ना.”

“मराठी येत नाही तर गप्प बस.”

दुसऱ्या दिवशी साहेब नेहमीप्रमाणे आले. भावाला पुण्याला काकांकडे पाठवायचं ठरतंय, असं बाबांनी हलक्या आवाजात सांगितलं. “इथलं वातावरणच वाईट.” साहेबांनी माना डोलावल्या. भाऊ बर्फ घेऊन आला.

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. तरी दारातूनच म्हणाले, “बाबा, निदान आज तरी त्याला भरायला लावू नका.”

“मग कोण भरणार, तू?”

पुन्हा सगळे हसले. “ताई, सरक ना,” भाऊ पुटपुटला आणि त्यानं बाटली उचलली. थोडी ग्लासाबाहेर सांडली. टेबलक्लॉथवर डाग पसरला.

“लक्ष कुठे आहे तुझं?” बाबा म्हणाले.

आई लगबगीनं फडकं घेऊन आली.