बाचीने बांधलेला खजूर

बाचीला लपवाछपवी जमत नाही हे इटलीतल्या अख्ख्या बोर्दिगेरा गावाला ठाऊक होतं. फक्त बाचीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या बंगल्यांतले खजूर बांधण्यात त्याचं आयुष्य गेलं. थंडीआधी शेंडा गच्च आवळायचा, म्हणजे आतली पानं अंधारात पांढरीशुभ्र राहतात. ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी त्यांचीच वेणी विणून चर्चला न्यायची. त्याची बायको मानेना लग्नापासून त्याच्याच हातची वेणी मिरवत आली होती. पण गेल्या वर्षी शिडी घसरली, बाचीची बरगडी मोडली आणि मानेनाने त्याला मादोन्नाची, मेरीमातेची शपथ घातली: सत्तरी उलटली, आता झाडावर चढायचं नाही.

बाचीने शपथ घेतली आणि थंडीआधी एका जर्मन बाईंच्या बंगल्याचा, फुटपाथलगतचा खजूर गुपचूप बांधून टाकला. मानेनाने बाजारातली वेणी मिरवायची? त्यापेक्षा शपथ मोडलेली परवडली.

रविवार चार दिवसांवर आला तेव्हा तो शिडी लावून पानं कापायला चढला. कापून होतायत तोच खाली मानेना आली, शेजारणीला घेऊन, आणि नेमकी त्याच झाडाखालच्या कट्ट्यावर विणकाम काढून बसली. वरून बाचीला तिची गवती टोपी तेवढी दिसत होती.

"म्हातारा कुठाय तुझा?" शेजारीण पिनाने विचारलं.

"चेंडू खेळायला गेलाय. शपथ घेतल्यापासून अगदी गरीब गाय झालाय."

"नशीबवान आहेस बाई. आमचं ध्यान मेलं तरी ऐकायचं नाही."

बाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात खजुराचे काटे नको तिथे टोचत होते. सगळं गाव फेरी मारून गेलं, पिना स्वयंपाकाला गेली, तरी टोपी हलेना.

दिवे लागले तशी मानेनाने सुया पिशवीत ठेवल्या.

"उतर आता," मान वर न करता ती म्हणाली. "गारठा पडलाय."

वर झावळ्या सळसळल्या.

"कधी कळलं तुला?"

"तू बांधलास तेव्हाच. शेंड्याला असला तिरपा अंबाडा दुसरं कोण घालतं?"

"मग ओरडायचंस ना. इतका वेळ मुकाट्याने बसायचं काय कारण?"

"शिडी बघ कशी लावलीयस."

बाचीने झावळी बाजूला करून पहिल्यांदाच नीट खाली वाकून पाहिलं. शिडीचा एक पाय फरशीवरून निसटत आला होता, आणि त्याला मानेनाने आपला बूट घट्ट टेकवून ठेवला होता.

"लवकर उतर रे," ती म्हणाली. "पायाला मुंग्या आल्यात."