काशी उजव्या हाताला

नातू बरा झाला तर पंचक्रोशीची यात्रा करीन, असं मी बोलून बसले होते. तो ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर आला आणि मला धडकी भरली. गुडघ्यांमुळे पायी जमणार नव्हतं, आणि गाडीत बसलं की पाचव्या मिनिटाला मला मळमळतं. सारा जन्म काशीतच, दुर्गाघाटच्या गल्लीत गेला, तिथे मोटार शिरतच नाही, मग सवय होणार कुठून? काशीची ही प्रदक्षिणा अर्धी सोडली तर नवस फुकट, एवढं मात्र लहानपणापासून ऐकलेलं.

उपाय सांगायला सगळे हजर. आलं चघळा, लिंबू हुंगा, बेंबीवर हिंग लावा. डॉक्टरांनी गोळी दिली, निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. पण मणिकर्णिकेवर संकल्प होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही, हा माझ्या चुलतसासऱ्यांचा, काकांचा, दंडक. म्हणून गोळी घेतली ती जीप सुरू झाल्यावर, आणि थोड्याच वेळात ती आल्यासकट बाहेर आली. बाहेर तरी कुठे? मी उजव्या खिडकीशी. प्रदक्षिणेत काशी उजव्या हाताला, त्या बाजूला थुंकायचंसुद्धा नाही. काका ओरडले, "अगं, तिकडे नको! पाप लागेल." पिशवी सापडेपर्यंत मी पदरात ओकले. वरून पुढच्या सीटवर ऐसपैस बसलेले काका म्हणतात, "मन शुद्ध नसलं की असंच होतं."

भीमचंडीच्या देवळापर्यंत तीनदा ओकून झालं. काका म्हणाले, "परत फिरू. तुझ्या नशिबात नाही." माझं डोकं फिरलं. देवीसमोर मी हात जोडलेच नाहीत, सरळ भांडले. पोराला वाचवलंस, मग मला इथवर आणून हे काय मांडलंयस? नवस अर्धा राहिला आणि त्याला काही झालं, तर मी कोणाला जाब विचारू? डोळ्यांना पाणी येत होतं, पण ते भक्तीचं नव्हतं.

पायरीवर एक अनोळखी बाई पाय चोळत बसली होती, पायी यात्रेला निघालेली. माझा ओला पदर पाहून म्हणाली, "गाड़ी में जी मिचलाता है न? आगे बैठिए बहिनजी, दूर सड़क पर नजर रखिए. हमारे आदमी बस चलाते हैं, सबको यही बताते हैं." एवढं बोलून तिने लोटा उचलला आणि चालू लागली.

पुढे म्हणजे काकांची जागा. आमच्याकडे पुढे बसतो तो घरातला वडीलधारा पुरुष, आणि त्याला उठवायची कोणाची छाती नाही. मी जीपचं दार उघडलं. "काका, मागे बसा."

"मला सांगतेस?"

"हो. मला नवस फेडायचाय. उतरा."

ते उतरले.

मळमळ पार गेली असं म्हणणार नाही. पण नजर लांब रस्त्यावर ठेवली, आणि रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा करत मणिकर्णिकेपर्यंत पुन्हा ओकारी झाली नाही. प्रदक्षिणा पुरी झाली. त्या बाईला देवीनेच पाठवलं का, मला ठाऊक नाही. तिच्या नावाने रोज एक नमस्कार मात्र करते. मुकाट सोसणं म्हणजेच शरण जाणं, असं मला वाटायचं. शरण देवीला जायचं असतं. मी चाळीस वर्षं काकांना शरण जात होते, आणि त्यालाच भक्ती म्हणत होते.