साक्षीदार कुणाच्या खिशात

कासमभाई गेल्याचा फोन मला आटपाडीच्या बिरानं केला, आणि देवाशपथ सांगतो, पहिल्यांदा दुःख झालंच नाही. पहिल्यांदा राग आला. बिराला आधी कसं कळलं? सांगलीत भाईच्या दुकानाच्या पायऱ्या झिजल्या त्या माझ्या चपलांनी, आणि बातमी जाते आटपाडीला! "दत्तू, भाई गेला रं..." एवढं म्हणून तो पलीकडं रडायला लागला. मग मीही रडलो. पण त्याच्यापेक्षा मोठ्यानं.

आम्ही दोघं बेंजो वाजवणारे. मी वाईचा, तो आटपाडीच्या मेंढपाळ घरातला. वराती सगळ्या डीजेनं गिळल्या, तरी आम्ही आपापले वॉल्वचे जुने अँप्लिफायर सोडले नाहीत. वॉल्व म्हणजे अंगठ्याएवढी काचेची नळी. आत तार पेटते आणि बेंजोच्या आवाजाला तूप सुटतं. पण ही नळी बिघडली, की खरखर, शिट्टी, मधेच दातखीळ... आणि सारख्या दिसणाऱ्या तीन नळ्यांतली बिघडलेली कोणती, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही कळत नाही. आमच्या मुलखात ते कळणारा एकच माणूस उरला होता, कासमभाई. त्याच्यासाठी मी म्हशीच्या रेडकाएवढं ते धूड एस.टी.त घालून सांगलीला न्यायचो. कंडक्टर त्याचं तिकीट फाडायचा आणि वर विचारायचा, "ह्याला खिडकी पायजे का?"

दुकानात पोचलं की भाई मशीन चालू करून नुसता कान लावायचा. त्याचा कान असा, की पाटणच्या लग्नात माझा अँप्लिफायर खरखरला तर सांगलीत भाईला ठसका लागायचा. मग शिसपेन्सिलीनं एकेका वॉल्वच्या डोक्यावर हलकी टिचकी. दोषी असेल तो टिचकीसरशी कर्ण्यातून ओरडायचा. तरीही पत्ता लागला नाही, की मशीन बंद. मी हात घालायला गेलो की गुरकायचा, "गार होऊ दे आधी. तापल्या माणसाला आन् तापल्या वॉल्वला हात लावू न्हाई गड्या." मग चहा. मला ग्लासात, बिरा असला तर त्याला कानाच्या कपात! हे मी कुणाला बोललो नाही, फक्त बायकोला, शेजाऱ्यांना आणि एस.टी.तल्या लोकांना सांगितलं.

चहा झाला, की डाव्या खिशातून चष्म्याची डबी निघायची. आत कापसात निजवलेला एक वॉल्व. भाई त्याला 'साक्षीदार' म्हणायचा. मशीनमधला पहिला वॉल्व काढून त्याच्या जागी साक्षीदार लावायचा आणि ऐकायचा. खरखर तशीच राहिली, तर पहिला निर्दोष. त्याला परत बसवून पुढच्याची पाळी. जिथं साक्षीदार बसल्यावर खरखर थांबेल, तिथून काढलेला तो गुन्हेगार. "ह्यो कवा खोटं बोलत न्हाई," भाई म्हणायचा. त्या डबीला तो असा जपायचा, की बसमध्ये जरा खड्डा आला तरी हात झटकन छातीवर. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला हृदयविकार आहे. चांगल्या दोन माणसांनी त्याला बसायला जागा दिलेली मी पाहिली आहे.

मला मात्र एक शंका खात होती. भाई माझे चांगले वॉल्व काढून बिराच्या मशीनमध्ये घालत असेल तर? म्हणून मी माझ्या तिन्ही वॉल्वच्या बुडाशी बायकोच्या नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका देऊन ठेवला. भाईनं तो पाहिला असणारच. बोलला मात्र काही नाही.

गेल्या वर्षी वाईत कृष्णेच्या घाटावर माझं वाजवणं ठरलं. पुष्कळ वर्षांनी कुणीतरी वराती सोडून, लोकांनी बसून ऐकावं म्हणून बोलावलं होतं. आणि मशीन रुसलं. सांगलीला नेलं. साक्षीदारानं दुसऱ्या जागेवरचा वॉल्व पकडून दिला; पण तसला नवा वॉल्व कुठं मिळेना. मी तोंड पाडून बसलो. भाई म्हणाला, "जा, भडंग घेऊन ये. लसूण जास्त घालाय सांग." मी भडंग घेऊन आलो, तर अँप्लिफायर चांदीसारखा बोलत होता!

"कुठला घातलास?"

"हुता एक पडलेला."

"बिरासाठी ठेवलेला असणार," मी टोमणा मारला.

भाई हसला. "लय जळतोस रं दत्तू. ह्या जळण्यावर भडंग परतून निघंल." घाटावर माझा बेंजो असा वाजला, की नदी थांबून ऐकत होती. खोटं वाटत असेल तर नदीला विचारा.

भाईच्या चाळिसाव्याला आम्ही दोघंही गेलो. जेवणं झाल्यावर भाभींनी सगळ्यांदेखत ती डबी बिराच्या हातात ठेवली. "तू पयला आलास, तूच ने." माझ्या पोटात जी आग पडली, ती कृष्णा आणि कोयना मिळूनही विझली नसती. वाईपर्यंत मी बसमध्ये कुणाशी बोललो नाही. मी बोललो नाही, ही माझ्या आयुष्यातली मोठीच घटना.

मागच्या आठवड्यात बिरा मशीन घेऊन माझ्या दारात उभा. "दत्तू, खरखर जात न्हाई. रविवारी गावची जत्रा हाय. तू भाईजवळ लय बसलायस, तूच बघ." हे ऐकून मी थोडा उंच झालो. त्यानं डबी काढली. मी साक्षीदार पहिल्या जागेवर लावला. खरखर. दुसऱ्या जागेवर, खरखर. तिसऱ्या जागेवर तर भडंगाची कढई उपडी झाल्यासारखा आवाज. कधी खोटं न बोलणारा साक्षीदार फितूर कसा झाला? मी तो काढून उजेडात धरला. चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "आवं, ह्यो तर आपलाच!"

बुडाशी गुलाबी ठिपका होता.

मी माझं मशीन उघडलं. दुसऱ्या जागेवर बिनठिपक्याचा वॉल्व... भडंगाच्या निमित्तानं मला बाहेर काढून भाईनं साक्षीदार माझ्या मशीनमध्ये बसवला होता, आणि माझा बिघडलेला वॉल्व डबीत घालून छातीशी धरून फिरत होता. म्हणूनच त्यानंतर तो नुसत्या पेन्सिलीवर भागवायचा. मी मनात म्हणत होतो, म्हातारा शिष्ट झाला. आणि खड्डा आला की हात मात्र तसाच झटकन जायचा, त्या फुटक्या आवाजाच्या नळीसाठी.

"म्हंजी भाईनं तुला..." बिरा म्हणाला आणि थांबला. त्याचा चेहरा पाहून मला जो आनंद झाला, तो सांगण्यासारखा नाही, तरी सांगतो: मी जिंकलो होतो! पण बिरा तोंड पाडून बसला होता, अगदी त्या दिवशी भाईच्या दुकानात मी बसलो होतो तसा.

मी माझ्या मशीनमधला खरा साक्षीदार काढला. बिराच्या पहिल्या जागेवर लावल्याबरोबर खरखर थांबली.

"जत्रेला घेऊन जा," मी म्हणालो. "पर ह्याच्याबरोबर मी येणार."

"ये की. फकस्त माझ्या वाजवण्याला नावं ठेवू नगंस."

"ती तर ठेवणारच."

रविवारी आम्ही दोघं एस.टी.नं आटपाडीला निघालो, मशीन पायाशी. साक्षीदार माझ्या डाव्या खिशात, रुमालात. डबीत ठेवू म्हटलं, तर बिरा डबी सोडायला तयार नाही. आणि त्याच्या डबीत साक्षीदार ठेवायला मी तयार नाही. खटावच्या पुढं बस खड्ड्यात आदळली आणि माझा हात आपोआप छातीवर गेला. कंडक्टर घाबरला. "काका, दुखतंय का?"

मी बिराकडं पाहिलं. त्याचाही हात खिशावर होता, रिकाम्या डबीवर. आणि माझ्या आधी पोचला होता.