पोटमाळा मोजणारा

मुलुंडच्या वॉर्ड ऑफिसात मालमत्ता कराच्या टेबलावर एक ताडमाड माणूस बसतो. बायामाणसांनाही तो काकाच म्हणतो. बोलताना समोर बघत नाही, खिशातली चार पेनं तपासत बसतो.

पाचशे फुटांच्या आतल्या घराला कर माफ आहे. माझं घर आतलंच, पण यांनी पोटमाळा मजला म्हणून मोजला आणि माझी माफी गेली. मी भांडायला गेलो.

"काका, तोंडी चालत नाही. मुदतीत लेखी हरकत द्या."

मी तिसरी पास. तरी दुसऱ्याकडून लिहून घेणाऱ्यातला नाही. चार ओळींना दोन दिवस लागले.

मग हाच माप घ्यायला घरी आला, शिडीने पोटमाळ्यावर चढला. मीही मागोमाग चढलो.

"मजला आहे ना? मग उभा राहून दाखव."

राहिला. टाळकं वाशावर आपटलं. मला बरं वाटलं.

तिथेच वाकून त्याने लिहिलं आणि कागद पुढे केला. "सही करा, काका."

"वाचल्याशिवाय नाही."

'प्रत्यक्ष उभे राहून पाहिले. राहता येत नाही. पोटमाळा वगळावा.' एकेक अक्षर लावत मी वाचलं. तो डोकं चोळत, वाकलेलाच थांबला.