तासाभराची चाचणी

यंत्राची निवड करताना माणसाच्या विवेकाचा कस लागतो. मी मदरबोर्ड निवडला तो त्याला प्रिंटरचं जुनं, रुंद पोर्ट होतं म्हणून. लाकूड कोरायला घरी जुळवलेलं, संगणकाच्या आज्ञेवर चालणारं माझं सीएनसी यंत्र त्यालाच जोडता येई आणि नव्या बोर्डांवर ते उरलं नव्हतं. नांदेडच्या जुन्या मालाच्या दुकानात लातूरच्या एका क्लासमधले काढून टाकलेले संगणक आले होते, हा बोर्ड त्यांतलाच.

मोटरला आज्ञा देताना बोर्ड क्षणभर जरी अडखळला तर काप वाकडा जातो. ते अडखळणं मोजायला तासभर चाचणी चालवावी लागते, आणि दुकानदार विकलेला माल परत घेत नसे.

"सर, पोरांनी ह्याच्यावर परीक्षा देल्या, अन् तुम्ही ह्याचीच परीक्षा घेऊन राहिले?" तो म्हणाला.

मी तीन दिवस गेलो. तिन्ही दिवस अर्ध्या तासात लाईट गेली. इन्व्हर्टर होता, पण त्यावर फक्त पंखा आणि देवापुढचा बल्ब. चौथ्या दिवशी त्यानं बोर्डाच्या खोक्याला हळदकुंकू लावून ते माझ्या हातात दिलं. आता नको कसं म्हणणार?

घरी पहिलं वर्तुळ कोरलं. ते जिथून सुरू झालं, त्याच्या तीन मिलिमीटर बाजूला संपलं.