सव्वादोनच्या बसची पोरं

अन्याय माझ्या वर्गमैत्रिणीवर झाला. कधी, तेही सांगतो. १९९८ च्या जुलैमध्ये, प्रवेशाच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजच्या फॉर्मच्या खिडकीसमोर.

ती वैनगंगेपलीकडच्या धानाच्या गावातली. बारावी सायन्सला आम्ही एका वर्गात होतो. तेव्हा प्रॅक्टिकल सकाळी व्हायचं, त्यामुळे तिचं जाणं-येणं निभलं. मार्क तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. तिच्या गावच्या आश्रमशाळेत विज्ञानाला शिक्षक नव्हता, तो तास खेळाचे सर कसाबसा काढायचे. तिला बी.एस्सी., मग बी.एड. करून त्याच शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. आम्हा बाकीच्यांना आपलं पुढे काय, हे सांगता येत नव्हतं. तिला येत होतं.

मी त्याच उन्हाळ्यात विद्यार्थी संघटनेत शिरलो होतो. गेटच्या आत, खिडकीजवळच आमचं टेबल, वर ‘प्रवेश मार्गदर्शन’ लिहिलेलं कापड. खेड्यातली पोरं फॉर्म चुकवतात, म्हणून आम्ही भरून द्यायचो. भरायची एक रीत पडली होती. नाव, गाव, आणि लगेच तिसरा प्रश्न: बस कोणती? परतीची सव्वादोनची म्हटली की कला शाखा. मराठी, इतिहास, समाजशास्त्र. कारण बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल दोन ते पाच, आणि सव्वादोननंतर नदीपलीकडे गाडी नाही. रीत खिडकीतल्या बाबूंची. रांग लवकर सरकते म्हणून आम्ही ती उचलली, आणि वर त्याला मार्गदर्शन म्हणालो.

ती खिडकीत म्हणाली, “भाऊ, मले सायन्सचा फॉर्म पायजे.”

“गाव कोनतं?” तिने सांगितलं.

“मंग पाच वाजता घरी कशी जाशीन? वाघावर बसून?”

रांग हसली. मीही हसलो.

“होस्टेल भेटलं तं?”

“होस्टेलची यादी ऑगस्टात लागते बाई. फॉर्म आज उद्या बंद. जाय, त्या टेबलावर जाय.”

ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, “तू तं ओळखीचा आहेस. प्रॅक्टिकल सकाळी नाई होत का रे?”

“नाई होत. नियम आहे,” मी म्हणालो. नियम मी पाहिला नव्हता. कोणाला विचारलाही नव्हता. तिचा फॉर्म माझ्या पेनाने भरला, तीन विषय लिहिले, सहीची जागा दाखवली. तिने सही केली. माझं घर कॉलेजपासून सायकलने पाच मिनिटांवर. मी सायन्सला गेलो.

पंधरा-वीस दिवसांनी प्रयोगशाळेतल्या शिपायाला सहज विचारलं, सकाळी ही खोली बंद काऊन असते?

“कोनी मागतच नाई बाप्पा. मागच्या साली पोरायनं लेखी अर्ज देल्ला होता, तं सरनं सकाळची बॅच लावली होती. औंदा अर्जच नाई आला.”

गावाकडची पहिली बस साडेसातला ब्रह्मपुरीत लागायची. मी धावत ऑफिसात गेलो. शाखा बदलायची मुदत आदल्या शनिवारी संपली होती. बाबूंनी मान वर केली नाही. तिला सांगायला मी कला शाखेच्या वऱ्हांड्यात गेलो खरा, पण बोललो नाही. त्या वर्षी आम्ही फीवाढीवर तीन पत्रकं काढली. या गोष्टीवर एकही नाही, कारण त्यात आमचंच टेबल आलं असतं.

पुढे सात-आठ वर्षांनी संघटनेच्या कामाने तिच्या गावी गेलो. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात ती भात उपसत होती. बी.ए. पास, रोजंदारीवर. मी तेव्हा सगळं सांगितलं.

ती हात न थांबवता म्हणाली, “मले वाटे, माह्यात कमी होती. इतके साल तेच वाटून राह्यलं.” मग खिडकीकडे मान केली. “पाह्य, विज्ञानाचा तास आहे. पोरं गवत उपडून राह्यले.”

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नाही.

आता तुम्ही. तुमच्या कॉलेजातही प्रवेशाच्या दिवसांत असं टेबल लागतं, तुम्ही त्यावर बसता किंवा त्याच्यासमोर उभे राहता. नव्या पोरीला बस विचारण्याआधी तिला काय व्हायचंय ते विचारा. जो नियम सांगाल, तो कागदावर पाहून सांगा. आणि फॉर्म बंद व्हायच्या आत सकाळच्या बॅचचा लेखी अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा, पोच म्हणून सही घेतल्याशिवाय तिथून हलू नका.